यादीत माझ्या नावापुढे नंबर मिस्टरांचा

२९ सप्टेंबर २०२४, रविवार. दुसऱ्या दिवशी आयकराच्या ऑडिट रिपोर्टची शेवटची तारीख, आणि नेमकी त्याच रविवारी दुपारी साडेतीनला जळगावात आमच्या कर सल्लागार संघटनेची वार्षिक सर्वसाधारण सभा. पुढे मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली, पण सभेची नोटीस निघाली तेव्हा ते कुणाला माहीत होतं? मी चोपड्याहून सकाळच्या एसटीने निघाले ती एका गिऱ्हाइकाची हिशेबाची पुस्तकं सीए साहेबांकडे पोचवायला. काम दोनला आटोपलं, परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून सभेला जाऊन बसले.

हजेरीच्या रजिस्टरवर माझी सही अडतिसावी होती. सभासद ४१२. खुर्च्या शंभर मांडलेल्या, पुढच्या तीन रांगा भरलेल्या. बायका आम्ही दोघी.

अहवाल, जमाखर्च, मंजुरी सगळं वीस मिनिटांत झालं. शेवटच्या 'अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयां'त मी हात वर केला आणि विचारलं, "कार्यकारिणीची मुदत फेब्रुवारीत संपतेय. मतदान कुठे असतं आणि यादी कुठे बघायला मिळते?"

मला खरंच माहीत नव्हतं. २००९ पासून मी सभासद आहे, इतक्या वर्षांत मतपत्रिका डोळ्यांनी पाहिली नव्हती. समोरून एक ज्येष्ठ सभासद समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, आपल्याकडे निवडणूक लागत नाही. बिनविरोध होतं. वाद नको, खर्च नको." सगळ्यांनी माना हलवल्या. त्यात कुठेही खोट नव्हती, त्यांना खरोखर त्याचा अभिमान होता.

बिनविरोध कसं व्हायचं ते मला नंतर कळलं. जानेवारीत थंडी पडली की जळगावजवळच्या एका शेतात भरिताची पार्टी व्हायची. काटक्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, आणि रात्री अकराच्या सुमारास अकरा नावांची यादी. जमणारी मंडळी एकमेकांचे पंचवीस-तीस वर्षांचे मित्र. त्या शेतात रावेरच्या, पारोळ्याच्या, मुक्ताईनगरच्या सभासदाला बोलावणं नसायचं. मला बोलावलं असतं तरी रात्री अकरानंतर मी चोपड्याला परत कशी गेले असते?

अध्यक्षांनी तिथल्या तिथे तीन जणांची निवडणूक समिती नेमली: जळगावचे एक निवृत्तीकडे झुकलेले वकीलसाहेब, भुसावळचे एक सीए आणि मी. "विचारलंत ना ताई, मग आता तुम्हीच बघा," अध्यक्ष हसून म्हणाले. मी हो म्हटलं आणि परतीच्या एसटीत पूर्ण दीड तास पोटात गोळा घेऊन बसले. निवडणूक घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे आम्हा तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. त्याच वाटेवर कुणी असेल तर त्याच्यासाठी हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

पहिली अडचण नियमावलीची. सचिवांकडे होती ती झेरॉक्सची झेरॉक्स, तीही सातवं पान गायब असलेली. निवडणुकीची कलमं नेमकी सातव्या पानावर. म्हणून १४ ऑक्टोबरला जळगावच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात प्रमाणित नकलेसाठी अर्ज दिला. आपल्याकडे बहुतेक संघटनांची नोंदणी दुहेरी असते, एक १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि दुसरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली. अर्जावर दोन्ही नंबर टाका. दुसऱ्या नोंदणीचा 'एफ' ने सुरू होणारा नंबर मी टाकला नव्हता, तो लिहून आणायला खाली उतरून फोनाफोनी करावी लागली. कोर्ट फी स्टॅम्प, नकलेची फी आणि चोपडा-जळगाव जाणं-येणं धरून खर्च तीनशेच्या आत. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ते या चार महिन्यांत फार उपयोगी पडलं.

मध्ये दिवाळी आली, विधानसभेची धामधूम आली. नक्कल हातात पडली ११ नोव्हेंबरला. घरी नेईपर्यंत धीर नव्हता. नव्या बसस्टँडच्या बाकावर बसूनच सातवं पान काढलं.

सतराव्या कलमात लिहिलं होतं: मतदान गुप्त पद्धतीने, निवडणूक समिती ठरवील 'त्या ठिकाणी अथवा ठिकाणांवर' घेण्यात यावे. ते 'अथवा ठिकाणांवर' मी बोट ठेवून तीनदा वाचलं. तालुक्यांच्या सभासदांसाठी वेगळी मतदान केंद्रं ठेवायला नियम बदलायची गरजच नव्हती. ज्यांनी कुणी ही नियमावली लिहिली त्यांच्या मनात जळगावबाहेरचा सभासद होता. पुढे ते पान कुणी उघडलंच नाही.

बाकीच्या अटीही तिथेच सापडल्या. मतदानाच्या तीस दिवस आधी वर्गणी चुकती हवी. उमेदवाराला एक सूचक, एक अनुमोदक. नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी, आणि ती 'अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग'. ती सोय टपाल खात्याने केव्हाच बंद केलीय. वकीलसाहेबांनी त्यावर मार्ग काढला: साध्या टपालाने पाठवायचं, पण जावक रजिस्टरमध्ये प्रत्येक पाकिटाची नोंद करायची आणि त्या पानांवर तिघांनी सह्या करायच्या.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. चोपड्याच्या शाळेत रांगेत उभी असताना माझ्या पुढे-मागे आमच्याच संघटनेचे तीन सभासद होते. ऊन चढलेलं, तरी कुणी रांग सोडली नाही. आमच्या माणसांना मत द्यायचा कंटाळा आहे, हे मी इतकी वर्षं ऐकत आले होते. त्या रांगेत उभं राहून ते मला पटेना.

२४ नोव्हेंबरला भुसावळला समितीची पहिली बैठक झाली. आम्ही आधी कॅलेंडर पुढ्यात घेतलं. महिन्याची ११ तारीख जीएसटीच्या आर-वन रिटर्नची, २० तारीख थ्री-बी रिटर्नची. ३१ डिसेंबरला जीएसटीचं वार्षिक रिटर्न आणि आयकराचं उशिराचं रिटर्न. मार्चमध्ये तर कुणी मान वर करत नाही. या सगळ्यातून २ फेब्रुवारी २०२५ हा रविवार मोकळा निघाला. केंद्रं चार ठरवली: जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव. यावल, रावेर, बोदवड, मुक्ताईनगरला भुसावळ जवळ. चोपडा, पारोळा, धरणगाव, एरंडोलला अमळनेर. पाचोरा, भडगावला चाळीसगाव. जामनेर जळगावला. तुमच्या संघटनेची सभा किंवा निवडणूक ठरवताना आधी त्या धंद्याच्या तारखा बघा. एवढं एक केलं तरी निम्मं काम होतं. आम्ही धंद्याच्या तारखा बघितल्या, पंचांग बघितलं नाही. त्याचं पुढे सांगते.

बैठकीत ऑनलाइन मतदानाचा विषय निघाला. नियमात नव्हतं, आणि नियम बदलून मंजुरी घ्यायला वर्ष गेलं असतं, म्हणून सोडला. महिलांसाठी राखीव जागांचाही निघाला. २ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवायला सांगितल्या होत्या, त्याचा दाखला वकीलसाहेबांनी स्वतःहून दिला. पण आमच्या नियमावलीत तशी तरतूद नाही. समितीने मनाने काही घुसडलं असतं तर निवडणूकच अडचणीत आली असती. ते काम नव्या कार्यकारिणीवर सोडलं.

मग सभासद नोंदवही उघडली. लाल कापडी बांधणीची, कडा कुरतडलेल्या, पहिल्या पानांवर पाच आकडी लँडलाइन नंबर. एकेका नावाला तीन रंगांच्या शाया. मी माझं नाव शोधलं, पान ८६. नाव बरोबर, पत्ता 'द्वारा' मिस्टरांचं कृषी केंद्र, आणि मोबाइल त्यांचा. २००९ मध्ये अर्ज भरताना माझ्याकडे फोन नव्हता, तेव्हा त्यांचा दिला असणार. पंधरा वर्षं संघटनेचे सगळे निरोप त्यांच्या फोनवर जात होते. बियाण्यांच्या आणि खतांच्या कंपन्यांचे दिवसाला शंभर मेसेज येतात, त्यात ते वाहून गेले. मला वाटत राहिलं की संघटना काही कळवतच नाही, आणि संघटनेला वाटत राहिलं की चोपड्याच्या मॅडमना रस नाही.

मग बायकांची सगळी नावं काढली. ६१ होत्या. त्यातल्या २३ जणींपुढे नवऱ्याचा, वडिलांचा किंवा ज्यांच्याकडे पूर्वी नोकरी केली त्या साहेबांचा नंबर. सहा जणींची नावं माहेरची, पॅन आणि आधारवर सासरची. वर्गणी भरली तरी पावती भलत्याच नावाने खतावली जायची. रात्री दहाला ही यादी करताना मला रडू आलं. कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं, म्हणून जास्तच आलं.

२५ नोव्हेंबरपासून डिसेंबर संपेपर्यंत आम्ही फोन केले. तिघांनी नावं वाटून घेतली, शिवाय दर तालुक्यात एक-दोघे मदतीला घेतले. रोज संध्याकाळी सात ते साडेआठ. पहिल्या दिवशी बारा फोन लावले, सात जणांनी मध्येच ठेवून दिले. 'सभासद माहिती अद्ययावत करायची आहे' एवढं म्हटलं की माणसाला फसवणुकीचा फोन वाटतो. दुसऱ्या दिवसापासून मी सुरुवातच बदलली: "मी चोपड्याहून बोलतेय, तुमच्यासारखीच रिटर्न भरते, ओटीपी वगैरे काही नकोय." मग लोक बोलायला लागले.

आणि किती बोलले! रावेरच्या एका भाऊंनी अर्धा तास केळीच्या व्यापाऱ्यांची नोंदणी रद्द होण्याच्या भानगडी सांगितल्या. संघटनेने त्यावर निवेदन द्यावं असं त्यांच्या मनात चार वर्षांपासून होतं, कुणाला सांगावं ते कळत नव्हतं. पारोळ्याचे एक आबा, वय ७४, आयुष्यभर विक्रीकराची कामं केलेले. ते म्हणाले, "पंचवीस वरीस व्हयनात, ताई. मत दे म्हनीसन माले कोन्ही फोन नही कया." मी म्हटलं, आबा, आता मी केलाय ना. तर म्हणाले, "मंग मनं नाव यादीमा शे का नही, तेवढं देखी सांग."

नाव होतं, पण वर्गणी दोन वर्षांची थकलेली. वर्गणी सालाची ६००. ती भरायला जळगावला यावं लागतं असाच बहुतेकांचा समज, कारण पावती पुस्तक एकच आणि ते खजिनदारांच्या टेबलात. बँक खात्यात थेट पैसे टाकता येतात हे कुठे छापलेलं नव्हतं. आम्ही खाते क्रमांक प्रत्येक निरोपात टाकला आणि चार केंद्रांवर चार पावती पुस्तकं दिली. बस्स.

१५ डिसेंबरला कच्ची यादी लावली. ४१२ पैकी १७ जण वारलेले निघाले, उरले ३९५. त्यातले मतदानाला पात्र, म्हणजे वर्गणी भरलेले, तेव्हा २३६ होते. ३ जानेवारीला मुदत संपली तेव्हा ३६१. थकीत वर्गणीपोटी १,०८,६०० रुपये जमा झाले. खर्चाच्या भीतीने निवडणूक टाळायची म्हणणाऱ्यांना मी हा आकडा आवर्जून सांगते.

उमेदवारी अर्ज भरायची मुदत ६ ते १२ जानेवारी होती. ३१ डिसेंबरला उशिराच्या रिटर्नची तारीख १५ जानेवारीपर्यंत वाढली आणि आमचा सगळा हिशेब कोलमडला. सगळे पुन्हा पोर्टलवर. तरीही १९ अर्ज आले, कारण अर्ज कुठल्याही केंद्रावर आणि संध्याकाळी सातपर्यंत घ्यायचं ठरवलं होतं. पूर्वीची पद्धत जळगावात सकाळी अकरा ते दोन अशी होती म्हणे. तालुक्याच्या माणसाचा त्यात अख्खा दिवस मोडतो.

बायकांनी उभं राहावं म्हणून मी चौदा जणींशी बोलले. समितीत असल्यामुळे कुणा एकीचा प्रचार करायचा नाही, हे पथ्य मी पाळलं. जी विचारेल तिला अर्ज कसा भरायचा एवढंच सांगायचं. बहुतेकींचं उत्तर "घरी विचारून सांगते". पाचोऱ्याच्या एक मॅडम मात्र वेगळं बोलल्या. त्यांनी विचारलं, "कार्यकारिणीच्या मीटिंगा किती वाजता असतात?" मी सचिवांना विचारून सांगितलं, रात्री आठ, जळगावात, जेवणासकट. "मग मी निवडून येऊन काय करू?" त्या म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तो प्रश्न जसाच्या तसा सगळ्या उमेदवारांच्या गटावर टाकला, की निवडून आलात तर बैठक किती वाजता घ्याल, ते लिहून कळवा. १३ जणांनी लिहून दिलं की दुपारी चालेल. मॅडमनी शेवटच्या दिवशी अर्ज भरला. शेवटी तीन महिला उभ्या राहिल्या.

छाननीत एकही अर्ज बाद झाला नाही. १६ तारखेला तिघांनी माघार घेतली. ११ जागांना १६ उमेदवार.

१७ जानेवारीला पाकिटं टपालात टाकली. ३९५ पाकिटं, पाच रुपयांची तिकिटं, १,९७५ रुपये. चोपड्याच्या माझ्या ऑफिसात माझी मुलगी आणि ऑफिसातली दोन मुलं रात्री एकपर्यंत तिकिटं चिकटवत होती. २८ पाकिटं 'पत्ता अपूर्ण' शेरा घेऊन परत आली. त्यातल्या २५ जणांना फोनवर कळवलं, तिघांचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही.

मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या वर्णानुक्रमाने, पॅनल नाही, गाव कंसात. वरती ठळक अक्षरांत: 'जास्तीत जास्त ११ नावांपुढे फुली करा. कमी चालतील.' हे 'कमी चालतील' वाढवायला वकीलसाहेबांनी सुचवलं, आणि ते फार मोलाचं ठरलं. अकराच्या अकरा भरल्या नाहीत तर मत बाद होतं असा बऱ्याच जणांचा समज होता.

२ फेब्रुवारी. आदल्या दिवशी, शनिवारी, अर्थसंकल्प आलेला. बारा लाखांपर्यंत कर नाही, ही एकच बातमी सगळ्यांच्या तोंडी. आणि त्याच रविवारी वसंत पंचमी. जिल्हाभर लग्नं! हे आमच्या लक्षात आलं १० जानेवारीला, तेव्हा तारीख जाहीर होऊन महिना झाला होता. बदलायची नाही असं ठरवलं, वेळ मात्र सकाळी नऊ ते दुपारी चार होती ती पाचपर्यंत केली आणि नोटिशीत छापली.

मी अमळनेर केंद्रावर. एका सभासदाच्या ऑफिसचा हॉल, पुठ्ठ्याचा आडोसा, पतसंस्थेकडून मागून आणलेली पत्र्याची पेटी. साडेआठला पेटी उघडी करून उमेदवारांच्या प्रतिनिधींना आतून दाखवली, कुलूप लावलं, फटीवर कागदी पट्टी चिकटवून सह्या घेतल्या. नऊ वाजून गेले, कुणी नाही. सव्वानऊ. साडेनऊ. मी रस्त्याकडे बघत बसलेले. दहाला चार मोटारसायकली एकदम आल्या, धरणगावकर. मग थांबलंच नाही.

साडेअकराला पारोळ्याचे आबा आले. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, हातात पाकीट घडी न मोडता आणलेलं. मी यादीत बोट फिरवलं. नाव नव्हतं.

त्यांनी २ जानेवारीला १,२०० रुपये नातवाच्या खात्यातून भरले होते. खात्यात नाव आलं नातवाचं, आणि अंतिम यादी करताना ती नोंद कुणाची म्हणून मी बाजूला ठेवली, ती राहूनच गेली. चूक माझी. आबा काही बोलले नाहीत, खुर्चीवर टेकले. नातवाने मोबाइलवर बँकेचा मेसेज दाखवला.

मी बाकी दोघांना फोन लावला. वकीलसाहेब म्हणाले, मत घेऊ, पण वेगळं ठेवू. केंद्रावरच्या चारही प्रतिनिधींची लेखी संमती घेतली. आबांनी मतपत्रिका भरून एका कोऱ्या पाकिटात टाकली, ते पाकीट नाव लिहिलेल्या दुसऱ्या पाकिटात, त्यावर सगळ्यांच्या सह्या. रात्री बँकेच्या उताऱ्याशी नोंद जुळली की बाहेरचं पाकीट फाडायचं, आतल्या पाकिटातली मतपत्रिका घडी न उघडता बाकीच्या गठ्ठ्यात मिसळायची आणि सगळ्यांबरोबरच उघडायची, म्हणजे मत कुणाचं ते कळणार नाही. हे सगळं व्हायला चाळीस मिनिटं लागली. जाताना मी आबांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

दुपारी साडेतीननंतर चाळीसगावहून फोन आला की फेटे बांधलेली माणसं थेट मांडवातून येताहेत. वाढवलेला एक तास तिथे कामी आला.

पाचनंतर चारही पेट्या जळगावात आणल्या. रात्री साडेआठला मोजणी सुरू. आबांची नोंद जुळली. मग सगळ्या पेट्या एका मोठ्या सतरंजीवर एकत्र ओतल्या आणि मतपत्रिका मिसळल्या. हे विसरू नका. चाळीसगावला ३७ जणांनीच मत दिलं होतं. केंद्रवार मोजलं असतं तर कुणी कुणाला दिलं याचा अंदाज बांधायला वेळ लागला नसता, आणि पुढच्या वेळी ती माणसं आली नसती.

जळगाव १०४, भुसावळ ६६, अमळनेर ४७, चाळीसगाव ३७. एकूण २५४, म्हणजे दहात सात. पात्र ५२ महिलांपैकी ३९ जणी आल्या. बाद ११. निकाल लागला रात्री पाऊण वाजता. निवडून आलेल्या अकरांपैकी पाच जळगाव शहराबाहेरचे, दोन महिला. त्यातल्या एक पाचोऱ्याच्या मॅडम. सगळ्यात जास्त मतं पडली ती मावळत्या अध्यक्षांना. ते बराच वेळ आकड्याच्या कागदाकडे बघत होते. मग माझ्याकडे येऊन म्हणाले, "ताई, नऊ वर्षं अध्यक्ष आहे. मला किती जणं मानतात ते आज पहिल्यांदा कळलं."

एकूण खर्च १७,६४० रुपये: पेट्या आणायला गाड्या ५,४००, चहा-जेवण ४,११५, मतपत्रिका छपाई ३,२००, टपाल १,९७५, झेरॉक्स १,८५०, सील-स्टेशनरी १,१००. पावत्या सगळ्यांच्या घ्या, चहाच्यासुद्धा.

निवडणूक झाली म्हणजे काम संपलं असं आम्हाला वाटलं होतं, पण फेरफार अर्ज बाकी होता. कार्यकारिणी बदलली की कलम २२ खाली ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात कळवावं लागतं. नोटीस, जावक रजिस्टरची प्रत, हजेरी, निकालाचा ठराव, नव्या मंडळींची संमतिपत्रं आणि ओळखपत्रं, मावळत्यांची ना हरकत असं सगळं जोडून १७ मार्चला दाखल केला. मावळत्यांच्या सह्या निकालाच्या रात्रीच घेऊन ठेवा. आम्ही दोन सह्यांसाठी तीन आठवडे फिरलो. जावक रजिस्टर मात्र तेव्हा सोन्यासारखं उपयोगी पडलं. २५ जानेवारीला एसटीचं भाडं वाढलं होतं, त्यामुळे मार्चच्या फेऱ्या थोड्या महाग पडल्या एवढंच.

२०२५ ची वार्षिक सभा सप्टेंबरऐवजी २२ जूनला, भुसावळला ठरली. २० ची थ्री-बी तोवर भरून झालेली असणार होती. मी पंचांगही बघितलं.

नव्या कार्यकारिणीची पहिली बैठक एका शनिवारी दुपारी तीनला जळगावात झाली. रावेरच्या भाऊंचा केळीच्या व्यापाऱ्यांचा विषय पहिलाच घेतला. पाचोऱ्याच्या मॅडमचा संध्याकाळी मेसेज आला, की पाचला बैठक संपली, गाडी मिळाली, सातच्या आत घरी पोचले.